विदागार, वितरित संबंधात्मक

परस्परांशी निगडित कोष्टकांच्या स्वरूपात मांडलेली, संदेशवहन जालाने जोडलेल्या अनेक संगणकांवर विभागून ठेवलेली आणि तरीही वापरणाऱ्यास एकाच ठिकाणी असल्याप्रमाणे उपलब्ध होणारी विदा व तिचे व्यवस्थापन करणारी प्रणाली यांस मिळून वितरित संबंधात्मक विदागार म्हणतात. विदा म्हणजे नोंदलेली माहिती. विदागारास व्यवहारात डेटाबेस असेही म्हटले जाते. बँका, विमा संस्था, दूरध्वनी कंपन्या, व्यापारी पेढ्या इत्यादींच्या नोंदी एका संगणकाच्या साठवणक्षमतेपलीकडे किंवा गतीपलीकडे गेल्या म्हणजे अशा विदागाराची गरज भासते. एक संगणक बंद पडल्यावरही काम चालू राहावे आणि दूरदूरच्या कार्यालयांना आपापल्या नोंदी जवळच मिळाव्यात, हेही वितरणामागील हेतू असतात.

असे विदागार पुढे किती सहजपणे वाढविता येईल, हे संगणकांच्या संख्येपेक्षा कोणत्या ओळी एकत्र ठेवावयाच्या याविषयी आरंभी घेतलेल्या निर्णयावर अधिक अवलंबून असते. हा निर्णय विदा थोडी असताना घेतला जातो आणि त्या वेळी त्याचे महत्त्व जाणवत नाही. विदा वाढल्यानंतर मात्र तो बदलणे अतिशय खर्चाचे व जोखमीचे ठरते. म्हणून या विदागारांच्या आखणीस स्वतंत्र अभ्यासविषयाचे स्वरूप आले आहे.

ऐतिहासिक आढावा : विदेची मांडणी संबंधांच्या म्हणजे कोष्टकांच्या रूपात करावी, ही कल्पना ई. एफ. कॉड यांनी आयबीएम या कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत काम करीत असताना १९७० मध्ये मांडली. तत्पूर्वीच्या विदागारांत नोंद शोधण्यासाठी ती कोणत्या मार्गाने साठविली आहे हे कार्यक्रम लिहिणाऱ्यास ठाऊक असावे लागे. कॉड यांच्या प्रारूपात ‘काय हवे’ एवढेच सांगावयाचे असते. ‘कसे मिळवावे’ हे प्रणाली ठरविते. या प्रारूपावर आधारलेल्या सिस्टिम आर (आयबीएम) व इंग्रेस (कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली) या प्रणाली त्याच दशकात उभ्या राहिल्या. एसक्यूएल या पृच्छाभाषेचा उगमही सिस्टिम आर प्रकल्पातच आहे.

विदा कोठे साठविली आहे याची चिंता वापरणाऱ्याने करावयाची नसेल, तर ती अनेक संगणकांवरही ठेवता येईल, हा विचार यातून स्वाभाविकपणे पुढे आला. १९७०–८० या दशकाच्या उत्तरार्धात कॉम्प्युटर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने एसडीडी–१ ही वितरित प्रणाली विकसित केली. आयबीएमची आर-स्टार व बर्कलीची वितरित इंग्रेस याही त्याच परंपरेतील होत. सी. जे. डेट यांनी १९८७ मध्ये वितरित विदागारांसाठी बारा नियम सांगितले. वापरणाऱ्यास वितरित विदागार अवितरित विदागारासारखेच भासले पाहिजे, हे त्यांमागील मूलतत्त्व होय. वापरणाऱ्यापुरते हे तत्त्व योग्यच आहे. आखणी करणाऱ्यास मात्र विदा कोठे आहे हे विसरून चालत नाही. कारण संगणकाच्या स्वतःच्या स्मृतीतून नोंद वाचणे आणि ती जालावरून दुसऱ्या संगणकाकडून मागविणे यांना लागणाऱ्या वेळांत हजारो पटींचा फरक असतो.

वाढीचे दोन मार्ग : विदागाराची क्षमता दोन प्रकारे वाढविता येते. पहिल्या प्रकारात आहे त्या संगणकाच्या जागी अधिक मोठा संगणक बसवितात. यात आखणी बदलावी लागत नाही. परंतु यंत्राच्या क्षमतेला मर्यादा असते व त्या मर्यादेजवळ किंमत क्षमतेपेक्षा अधिक वेगाने चढते. दुसऱ्या प्रकारात सामान्य क्षमतेचे अनेक संगणक जोडतात. प्रत्येकाची स्मृती, तबकड्या व प्रक्रियक स्वतंत्र असून ते केवळ संदेशांद्वारे परस्परांशी संपर्क ठेवतात. अशी ‘काहीही सामाईक नसलेली’ रचना वाढीस सर्वांत सोयीची आहे, असे प्रतिपादन मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये केले. टेराडेटा कंपनीची त्या दशकातील यंत्रे व विस्कॉन्सिन विद्यापीठातील गामा हा प्रकल्प या तत्त्वावर आधारलेले होते. पुढील विवेचन याच रचनेविषयी आहे.

विभाजन : कोष्टकाचे तुकडे दोन प्रकारे करता येतात. स्तंभांचे गट वेगळे केल्यास ते उभे विभाजन व ओळींचे गट वेगळे केल्यास ते आडवे विभाजन होय. वाढीच्या दृष्टीने आडवे विभाजन अधिक महत्त्वाचे असते. एखादी ओळ कोणत्या विभागात जावी हे ज्या स्तंभातील मूल्यावरून ठरते, त्यास येथे विभाजन-स्तंभ म्हटले आहे.

मूल्यांच्या पल्ल्यानुसार विभाजन केल्यास (उदा., १ ते १०,००० हे क्रमांक एका संगणकावर व त्यापुढील दुसऱ्यावर) लगतची मूल्ये एकत्र राहतात आणि ‘अमुकपासून अमुकपर्यंत’ अशा पृच्छांना शीघ्र उत्तर मिळते. परंतु क्रमांक चढत्या क्रमाने दिले जात असतील, तर सर्व नव्या ओळी शेवटच्याच विभागात जाऊन एकाच संगणकावर भार एकवटतो व इतर रिकामे राहतात. हॅश फलनाने म्हणजे मूल्यावर ठराविक गणिती क्रिया करून मिळणाऱ्या अंकानुसार विभाजन केल्यास ओळी समप्रमाणात विखुरतात. पण लगतची मूल्येही विखुरली जातात. विभाजन प्रदेशानुसारही करता येते. विदागाराचे प्रारूप बाजूला ठेवल्यास भारतीय रेल्वेच्या आरक्षण व्यवस्थेवरून ही कल्पना स्पष्ट होते. ती दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद या पाच केंद्रांत विभागलेली होती. १९९९ मध्ये ‘कॉन्सर्ट’ या प्रणालीने ही केंद्रे जोडली गेली आणि एका केंद्राच्या खिडकीवरून दुसऱ्या केंद्राकडील गाड्यांचे आरक्षण करता येऊ लागले.

संगणकांची संख्या वाढविताना किती ओळी हलवाव्या लागतील, हा आखणीतील कळीचा प्रश्न होय. क्रमांकास संगणकांच्या संख्येने भागून उरणाऱ्या बाकीवरून संगणक ठरविणे ही सर्वांत सोपी रीत आहे. परंतु ती वाढीस घातक ठरते. चार संगणक असताना पाचवा जोडला, तर ४ ने व ५ ने भागल्यावर ज्यांची बाकी सारखीच येते तेवढेच क्रमांक जागच्या जागी राहतात. असे क्रमांक दर २० मध्ये केवळ ४ असतात. म्हणजे ८० टक्के ओळी हलवाव्या लागतात. पाचव्या संगणकास त्याचा वाटा देण्यास वस्तुतः २० टक्के ओळी हलविणे पुरेसे असते. हा अपव्यय टाळणारी ‘सुसंगत हॅश’ ही रीत डेव्हिड कार्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. दुसरा उपाय अधिक सोपा आहे. आरंभीच संगणकांच्या संख्येपेक्षा कितीतरी अधिक, उदा., १,०२४ लहान विभाग पाडतात आणि कोणता विभाग कोणत्या संगणकावर आहे याची सूची वेगळी ठेवतात. चार संगणकांवर प्रत्येकी २५६ विभाग असताना पाचवा आला, तर प्रत्येक जण सु. ५१ विभाग त्यास देतो. ओळीचा विभाग कधीच बदलत नाही. केवळ विभागाचे स्थान बदलते.

विभाजन-स्तंभाची निवड : एका काल्पनिक सहकारी बँकेच्या विदागारात ग्राहक, खाती, उलाढाली व शाखा अशी चार कोष्टके आहेत असे मानू. उलाढालींचे विभाजन तारखेनुसार केले, तर आजच्या सर्व उलाढाली एकाच विभागात जातील आणि संगणक कितीही वाढविले तरी दिवसभराचा भार एकावरच राहील. शाखेनुसार केले, तर मोठ्या शहरातील एका शाखेचा भार खेड्यांतील अनेक शाखांएवढा होईल. शिवाय ग्राहकाने शाखा बदलल्यास त्याच्या सर्व नोंदी हलवाव्या लागतील. ग्राहक क्रमांकानुसार केले, तर भार समप्रमाणात वाटला जातो आणि तो क्रमांक बदलत नसल्याने ओळींना स्थैर्य मिळते. म्हणून विभाजन-स्तंभात तीन गुण पाहतात : त्यात भिन्न मूल्ये पुष्कळ असावीत, ती सहसा बदलू नयेत आणि नेहमीच्या बहुतेक पृच्छांत तो स्तंभ दिलेला असावा.

यापुढील पायरी अधिक महत्त्वाची आहे. ग्राहक, त्याची खाती व त्या खात्यांवरील उलाढाली या तिन्ही कोष्टकांचा विभाजन-स्तंभ ग्राहक क्रमांक हाच ठेवला, तर एका ग्राहकाशी संबंधित सर्व ओळी एकाच विभागात येतात. यास सहस्थापन म्हणतात. त्यासाठी उलाढालींच्या कोष्टकात, खाते क्रमांक असतानाही, ग्राहक क्रमांकाचा स्तंभ मुद्दाम ठेवावा लागतो. प्रसामान्यीकरणाच्या शास्त्रशुद्ध नियमांप्रमाणे ही पुनरुक्ती होय; परंतु तिच्यामुळे ग्राहकाचे खातेपुस्तक तयार करण्याचे काम एकच संगणक इतरांना न विचारता पूर्ण करू शकतो. संगणकांची संख्या दुप्पट केल्यास असे काम करण्याची क्षमताही जवळजवळ दुप्पट होते. शाखांसारखे लहान व क्वचित बदलणारे कोष्टक विभागण्याऐवजी त्याची प्रत प्रत्येक संगणकावर ठेवतात.

व्यवहारांची अखंडता : विदागाराच्या परिभाषेत व्यवहार म्हणजे संपूर्णपणे घडणारा किंवा मुळीच न घडणारा बदलांचा संच. एका खात्यातून रक्कम वजा होणे व दुसऱ्यात ती जमा होणे, हे दोन बदल मिळून एक व्यवहार होतो. त्यांपैकी एकच घडल्यास हिशेब बिघडतो. दोन्ही खाती एकाच संगणकावर असल्यास त्याची स्वतःची नोंदवही यास पुरेशी असते. ती दोन संगणकांवर असल्यास जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये विशद केलेली द्विपदी निश्चितीकरणाची पद्धत वापरतात. पहिल्या टप्प्यात समन्वयक संगणक सर्व सहभागी संगणकांना ‘तयार आहात काय’ असे विचारतो. प्रत्येक जण बदल आपल्या नोंदवहीत लिहून, त्या ओळींना कुलूप लावून होकार देतो. सर्वांचे होकार आल्यास दुसऱ्या टप्प्यात निश्चितीची आज्ञा दिली जाते. एकाचाही नकार आल्यास सर्व बदल रद्द होतात.

या पद्धतीस किंमत मोजावी लागते. होकार घेतल्यानंतर समन्वयक बंद पडला, तर सहभागी संगणकांना बदल पुरा करता येत नाही व रद्दही करता येत नाही. कुलपे तशीच राहून इतर व्यवहार खोळंबतात. तसेच सहभागी संगणक जितके अधिक तितकी अडथळ्याची शक्यता अधिक. प्रत्येक संगणक ९९·९ टक्के वेळ चालू असतो असे धरल्यास एका संगणकाचा बंद काळ वर्षात सु. ९ तास भरतो. ज्या व्यवहाराला दहा संगणक एकाच वेळी चालू असणे आवश्यक आहे, तो मात्र वर्षात सु. ८७ तास अडलेला राहील. म्हणून चांगल्या आखणीत बहुसंख्य व्यवहार एकाच विभागात पूर्ण होतील असे पाहतात. अनेक विभागांना स्पर्श करणारे व्यवहार टाळता येत नाहीत, पण ते अपवादात्मक ठेवता येतात.

प्रती व मतैक्य : संगणकांची संख्या वाढली की त्यांपैकी एखादा नेहमीच नादुरुस्त असतो. त्यामुळे प्रत्येक विभागाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या संगणकांवर ठेवतात. सर्व प्रतींवर कोणीही, केव्हाही बदल करावा अशी मुभा देणे मात्र धोक्याचे असते. संगणक व भार दहापट झाल्यास कोंडीचे किंवा परस्परविरोधी बदलांचे प्रमाण हजारपट होते, असे ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले.

यावरील सर्वमान्य उपाय म्हणजे मतैक्याची पद्धत होय. प्रत्येक विभागाच्या प्रतींपैकी एक अग्रणी असते. बदल तिच्याकडे येतात आणि बहुसंख्य प्रतींनी नोंद केल्यावरच तो बदल पक्का मानतात. तीन प्रती असताना एक व पाच असताना दोन प्रती बंद पडल्या तरी काम चालू राहते आणि पक्का झालेला बदल हरवत नाही. लेस्ली लॅम्पोर्ट यांची पॅक्सॉस (१९९८ मध्ये प्रसिद्ध) व डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांची राफ्ट (२०१४) या पद्धती याच प्रकारच्या आहेत. द्विपदी निश्चितीकरणातील समन्वयकाचा निर्णयही अशा रीतीने अनेक प्रतींत नोंदविल्यास त्याच्या बंद पडण्याने होणारा खोळंबा बराचसा टळतो.

प्रती किती दूर ठेवाव्यात यावर निसर्गाचीच मर्यादा आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सु. २ लाख किमी. जातो. मुंबई व दिल्ली यांमधील सरळ अंतर सु. १,१५० किमी. असल्याने संदेश जाऊन उत्तर येण्यास किमान सु. ११·५ मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात तंतुमार्ग वळणांचा असल्याने अधिक वेळ लागतो. एखाद्या ओळीतील प्रत्येक बदलासाठी ही फेरी पूर्ण होईपर्यंत थांबावे लागत असेल, तर त्या एका ओळीत सेकंदास फार तर ८५ च्या आसपास बदल करता येतील. बँकेची एकूण शिल्लक दाखविणारी एकच ओळ प्रत्येक उलाढालीबरोबर बदलावयाची असे ठरविले, तर संपूर्ण बँकेची गती या आकड्यात अडकते. अशा वेळी बेरीज अनेक ओळींत विभागून ठेवतात व आवश्यक तेव्हा त्या मिळवितात.

पृच्छा व निर्बंध : विभाजन-स्तंभ दिलेला असेल, तर पृच्छा नेमक्या एका संगणकाकडे जाते, तो दिलेला नसेल, तर ती सर्वांकडे पाठवावी लागते आणि उत्तर सर्वांत मंद संगणकाच्या गतीने मिळते. प्रत्येक संगणक शंभरांतून एकदा मंद होतो असे मानल्यास शंभर संगणकांना विचारणाऱ्या पृच्छेस विलंब होण्याची शक्यता सु. ६३ टक्के असते. दोन कोष्टकांच्या संयोगात ओळी जालावरून हलवाव्या लागल्यास खर्च आणखी वाढतो. तो कमी करण्यासाठी एसडीडी–१ मध्ये अर्धसंयोग ही युक्ती वापरण्यात आली. तीत प्रथम जुळणीच्या स्तंभातील मूल्येच दुसऱ्या संगणकाकडे पाठवितात व जुळणाऱ्या ओळी तेवढ्याच परत मागवितात.

एखाद्या स्तंभात मूल्य पुन्हा येऊ नये, हा निर्बंधही वितरणामुळे महाग होतो. ग्राहकांचे विभाजन क्रमांकानुसार असताना एकच दूरध्वनी क्रमांक दोन ग्राहकांच्या नावे नोंदला जाऊ नये असे ठरविल्यास प्रत्येक नव्या नोंदीच्या वेळी सर्व विभाग तपासावे लागतील. त्यासाठी दूरध्वनी क्रमांकानुसार विभागलेली स्वतंत्र सूची ठेवतात. ती अद्ययावत ठेवण्यास अर्थातच दोन विभागांचा व्यवहार करावा लागतो.

एक प्रत्यक्ष उदाहरण : चुकीच्या किंवा अपुऱ्या आखणीची किंमत गूगल कंपनीच्या जाहिरात विभागाच्या अनुभवावरून समजते. या विभागाचे विदागार मायएसक्यूएल या प्रणालीवर होते व त्याचे विभाजन हाताने केलेले होते. प्रत्येक जाहिरातदार व त्याची सर्व विदा एका ठराविक विभागात असे. आकारमान काही दशक टेराबाइट होते. जाहिरातदार वाढल्यावर पुनर्विभाजन करणे भाग पडे. त्यांपैकी शेवटच्या पुनर्विभाजनास दोन वर्षांहून अधिक काळ अथक परिश्रम करावे लागले व कित्येक गटांना त्यात सहभागी व्हावे लागले, असे कंपनीच्या अभियंत्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात नमूद केले आहे.

त्यानंतर हे विदागार स्पॅनर या प्रणालीवर उभारलेल्या एफ–१ मध्ये हलविण्यात आले. स्पॅनरमध्ये विभाग आपोआप पाडले व हलविले जातात, प्रतींमध्ये पॅक्सॉसने मतैक्य साधले जाते आणि जीपीएस व आण्वीय घड्याळे यांच्या साहाय्याने वेळ एका बिंदूऐवजी अनिश्चिततेच्या लहान अंतरालाच्या रूपात मोजली जाते. व्यवहार पक्का करताना ते अंतराल उलटेपर्यंत थांबून व्यवहारांचा क्रम निर्विवाद ठेवला जातो. एफ–१ साठी पाच प्रती ठेवण्यात आल्या. त्यांपैकी दोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील व तीन पूर्व किनाऱ्याकडील केंद्रांत होत्या. व्यवहार पक्का होण्यास सु. ५० ते १५० मिलिसेकंद लागू लागले. हा विलंब पूर्वीपेक्षा अधिक होता. तो वापरणाऱ्यास जाणवू नये म्हणून कार्यक्रमांची रचना बदलण्यात आली. एकेक ओळ वाचण्याऐवजी अनेक ओळी एकदम मागविल्या जाऊ लागल्या. विशेष म्हणजे जाहिरातदाराच्या ओळीखाली त्याच्या मोहिमा व त्यांखाली जाहिरातगट अशी सहस्थापनेची मांडणी नव्या प्रणालीतही कायम राहिली. विभाग हलविण्याचे कष्ट यंत्राने आपल्याकडे घेतले. कोणत्या ओळी एकत्र असाव्यात हा निर्णय मात्र आखणी करणाऱ्याकडेच राहिला.

कॉक्रोचडीबी, टायडीबी व युगाबाइटडीबी या प्रणाली स्पॅनरनंतरच्या असून त्या मतैक्यासाठी राफ्ट पद्धत वापरतात. मायएसक्यूएलसाठी व्हिटेस (यूट्यूबमध्ये २०१० साली आरंभ) व पोस्टग्रेसक्यूएलसाठी सायटस यांसारख्या प्रणालींनी जुन्या विदागारांचे विभाजन सुकर केले आहे.

मर्यादा : एरिक ब्रुअर यांनी २००० मध्ये मांडलेल्या व सेथ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयानुसार, संगणकांमधील संपर्क तुटला असता सर्व ठिकाणी एकच अद्ययावत उत्तर मिळणे आणि प्रत्येक संगणकाने उत्तर देत राहणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. खात्यावरील शिल्लक चुकीची सांगण्यापेक्षा ‘थोड्या वेळाने या’ असे सांगणे बँकेस परवडते. एखाद्या वस्तूचे वर्णन किंचित जुने असले तरी ते दाखविणे दुकानदारास परवडते. कोणत्या कोष्टकासाठी कोणती बाजू घ्यावयाची, हे तंत्राने नव्हे तर त्या विदेच्या उपयोगाने ठरते.

वितरणामुळे आखणी, चाचणी, राखीव प्रती घेणे व दुरुस्ती ही सर्व कामे अवघड होतात. ज्या संस्थेची विदा एका संगणकात मावते व पुढील काही वर्षे मावण्याची शक्यता आहे, तिने वितरणाच्या मागे न लागणेच श्रेयस्कर असते. मात्र अशा संस्थेनेही प्रत्येक मोठ्या कोष्टकात भावी विभाजन-स्तंभ आरंभापासून ठेवावा आणि आपले व्यवहार शक्यतो त्याच्या एकाच मूल्यापुरते मर्यादित राखावेत. एवढी काळजी घेतल्यास पुढे वितरणाची वेळ आली असता ओळी हलवाव्या लागतात, पण कोष्टकांची रचना व त्यांवर आधारलेले कार्यक्रम फारसे बदलावे लागत नाहीत. [⟶ संगणक].